जठारपेठेतली इटाली

"इटालीत असं नसते."

हे वाक्य बोलण्याआधी काकाजी तर्जनीनं मिशीचं उजवं टोक वर सारायचे. नळाला पाणी आलं नाही, मिशी वर. एस.टी. उशिरा आली, मिशी वर. एकदा आमच्या दारात एक कुत्रं विनाकारण भुंकत होतं, तेव्हा त्यांनी भिंतीवरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दुःखानं मान हलवली. "सूनबाई, इटालीतलं कुत्रं असं नसते."

तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल. तरुणपणी एकदा काहीतरी लांबचं पाहतो आणि मग जन्मभर जवळच्या सगळ्या गोष्टी त्याच मापानं मोजत बसतो. काकाजी मोठ्या लढाईत लष्कराची लॉरी हाकत इटलीला जाऊन आले होते. परतल्यावर अकोल्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत लागले आणि तिथेच फोरमन झाले. कापसाचा हंगाम सुरू झाला की घरी यायचे ते भुवयांवर पांढरा पिंजलेला कापूस घेऊन. मुलगी अमरावतीला दिलेली. घरात ते आणि काकू, दोघंच.

मी पुण्याहून लग्न होऊन अकोल्याच्या जठारपेठेत आले ती पन्नास सालानंतरची गोष्ट. आमच्या ह्यांची कॉलेजात नोकरी. आमच्या आणि काकाजींच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती, आणि ती कमरेएवढीच असल्यामुळे तिचा तसा काही उपयोग नव्हता. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी भिंतीवरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काहून वो, एवढी वाळली काहून? पुण्यात जेवाले देत नाईत का?"

मी घरात जाऊन रडले. तासाभरानं त्याच भिंतीवरून पाटवडीच्या रश्श्याचं पातेलं आलं. तो खाऊन मी पुन्हा रडले, पण कारण वेगळं होतं. रश्श्यावर बोटभर लाल तेल तरंगत होतं. काकू म्हणाल्या, "जीभ पुण्याची हाये. टाक जरासा गूळ अन् खा." टाकला आणि खाल्ला. महिन्याभरात गूळही सुटला.

काकूंचा स्वयंपाक हा आमच्या अख्ख्या गल्लीचा अभिमान होता. वडा-भातावर त्या फोडणीचं तेल ओतायच्या तेव्हा बाहेर रस्त्यावरची माणसं चालण्याचा वेग कमी करायची. तूप घरचंच, रवाळ. ते वाढताना त्या समोरच्याच्या ताटाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघायच्या. "पुरे" म्हटलं तर त्यांना ऐकू यायचं नाही. बाकी कान चांगले होते.

मी आल्यावर काही वर्षांनी त्याच काकू एका सकाळी वड्यांचं पीठ कालवता कालवता मटकन खाली बसल्या. मी भिंत ओलांडूनच गेले. चेहरा घामानं थबथबला होता, हात पिठानं भरलेले. म्हणाल्या, "छातीवर कोनी पाटा ठेवला वो." आणि मग, त्या तशा अवस्थेत, "वड्या तेवढ्या घालून टाक, पीठ आंबीन."

काकाजी फॅक्टरीतून धावत आले. भुवयांवर कापूस तसाच.

डॉक्टर तरुण होते, नुकतेच विलायतेहून शिकून आलेले. त्यांनी तपासून सांगितलं की हृदयाचं दुखणं आहे, हा इशारा समजायचा. विश्रांती घ्यायची. तूप बंद, तळण बंद, रश्श्यावरची तर्री बंद. भाज्या, डाळी, कडधान्यं, फळं खायची, चालत असेल तर मासे. मग सहज बोलता बोलता ते म्हणाले, "तिकडे भूमध्य समुद्राच्या काठी लोक असंच साधं खातात. ग्रीसमध्ये, इटलीत. त्यांच्यात हे दुखणं कमी दिसतं म्हणतात."

काकाजी स्टुलावरून उठून उभे राहिले.

"इटाली म्हनाले तुमी?"

"हो, इटली."

मी तिथेच होते. आयुष्यात मी कुणाचा चेहरा इतक्या लवकर बदललेला पाहिला नाही. क्षणापूर्वी ते एक घाबरलेले म्हातारे गृहस्थ होते. आता ते ताठ झाले, मिशी वर गेली. कित्येक वर्षं ज्या इटलीच्या गोष्टी ऐकून माणसं जांभया देत उठून गेली होती, त्या इटलीला आज डॉक्टरांनी स्वतः बोलावणं पाठवलं होतं. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "तुमी चिंता करू नोका. इटालीचं मले सगळं ठाऊक हाये."

खाटेवरून काकू क्षीण आवाजात म्हणाल्या, "मेली मी."

त्याच दुपारी काकाजींनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तोपर्यंत त्या घरात त्यांना पाण्याचा गडवा कुठे असतो हेही माहीत नव्हतं. तुपाची बरणी, तळणाची कढई, लोणच्याच्या बरण्या, सगळं एकेक करून भिंतीवरून माझ्याकडे आलं. "सूनबाई, हा जप्तीचा माल हाये. तुमच्या ताब्यात." काकू बाजेवर पडल्या पडल्या बघत होत्या. "मलेबी जप्त करा," त्या म्हणाल्या. "सूनबाईच्या फडताळात ठेवून द्या."

उठून बसायची परवानगी मिळाल्यावर काकू दुपारच्या माझ्याकडे यायला लागल्या. "सहज आली," म्हणायच्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलायच्या, मग हळूच उठून फडताळापाशी जायच्या, बरणीचं झाकण उघडायच्या, वास घ्यायच्या आणि झाकण लावून टाकायच्या. "बरी हाये," म्हणायच्या. सासरी दिलेल्या मुलीची खुशाली विचारून आल्यासारख्या घरी जायच्या.

इटलीत सगळं जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलात करतात, हे काकाजींनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. ते तेल आणायला ते आमच्या ह्यांना बरोबर घेऊन निघाले. औषधाच्या दुकानदारानं बोटाएवढी बाटली काढली आणि सहानुभूतीनं विचारलं, "कोणाचा कान दुखतो?" एवढ्याशा बाटलीत भाजी कशी व्हायची म्हणून दोघं बाजारातल्या एका जुन्या अत्तराच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारे मियाँ, फार अदबीचे.

"रोगने-जैतून? मिलेगा, साहब. घुटने में दर्द है?"

"नाही जी. भाजी में डालने का है."

मियाँनी चष्मा खाली घेतला. "भाजी के घुटने में दर्द है?"

काकाजींनी त्यांना इटली समजावून सांगितली. मियाँनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "साहब, हमारे खानदान में ये तेल बाहर से लगाते आए हैं. आप अंदर से लगाके देखो, और फिर हमको भी बताना."

त्या तेलात काकाजींनी पहिल्या दिवशी गवार केली. काकूंनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. "बाळंतिणीच्या खोलीत जेवून राहिली असं वाटते," म्हणाल्या.

मासे जमणार नव्हते, कारण काकू माळकरी. काकाजींनी प्रयत्न मात्र केला. "अवं, मासा म्हंजे पान्यातली भाजीच होय. पान्यातच उगोते, पान्यातच वाढते."

"मंग बकरी रानातली भाजी असीन," काकू म्हणाल्या. विषय संपला.

पण खरी लढाई झाली ती माकरोनीची. हा इटलीचा मुख्य पदार्थ, कणकेच्या पोकळ नळ्या. काकाजींचं म्हणणं की नळी पोकळ असते म्हणून पोटात हलकी पडते. नळी करायची कशी? फोरमन माणूस, त्यांना सुचलं. सायकलच्या चाकाची तार काढली, राखेनं घासून लख्ख केली, तिच्याभोवती कणीक वळायची आणि तार ओढून घ्यायची. ओसरीवर सतरंजी घालून ते सकाळपासून बसले. गल्लीतली सगळी मंडळी जमली. पहिल्या चारपाच नळ्या खरोखर झाल्या. एक पोट्टं एका नळीतून फुंकर मारून पलीकडे पाहत होतं. त्याला काकाजींनी हाकललं. "खेळणं हाये का थे? काकूचं औषध हाये!"

भेदऱ्यांचा रस (टोमॅटोला वऱ्हाडात भेदरं म्हणतात, हे मलाही तोवर माहीत झालं होतं), लसूण आणि वरून ते तेल. पातेल्यात नळ्या पडल्या. झाकण ठेवलं. काकाजी घड्याळ हातात धरून उभे राहिले. झाकण काढलं तेव्हा आत एकच नळी होती. म्हणजे सगळ्या मिळून एक गोळा झाला होता, उशीएवढा, आणि त्यातून वाफ निघत होती. काकाजींनी तो ताटात काढला आणि सुरीनं कापला. सगळ्यांना एकेक फोड मिळाली. सगळ्यांनी ती बोटानं दाबून पाहिली.

"हे इटालीतले लोक रोज खातात?" आमच्या ह्यांनी शेवटी विचारलं.

"रोज," काकाजी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

काकू फोडीकडे बघत म्हणाल्या, "मंग त्याइले दिलाचं दुखणं काहून होईन? तोवर जगतच नसतीन."

असे दोनतीन महिने गेले. कच्च्या पाल्याचे ढीग झाले, बिनफोडणीचं वरण झालं, भाजीच्या नावाखाली उकडलेलं काहीही झालं. गंमत वाटायची, पण काकू वाळत चालल्या होत्या. तब्येतीनं नाही, मनानं. भिंतीवर येईनाशा झाल्या. कुणाकडे काय शिजतंय हे त्यांनी विचारणं सोडलं. एकदा मी पातेलं घेऊन गेले तर म्हणाल्या, "तीस वर्सं मी या माणसाले इख खाऊ घालत होती म्हनायची. डॉक्टर तसंच म्हनला ना?" मी म्हटलं, "अहो काकू, तसं नाही हो." स्वयंपाक हीच ज्यांची बोलण्याची भाषा, त्यांच्या तोंडाला कुलूप घातल्यासारखं झालं होतं.

काकाजींनी एक नेम केला होता. काकूंना जे, तेच आपल्याला. "थिनं एकटीनं काहून खावं?" हे मात्र मला फार आवडलं होतं. म्हणूनच पुढचं जरा जड गेलं.

हिवरखेडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे पंप बिघडला म्हणून काकाजी एका रविवारी गेले. दिवेलागणीला परतले. मी काकूंजवळच बसले होते. काकाजी आले, हातपाय धुतले, बाजेच्या कडेला बसले आणि त्यांना उचकी लागली.

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. आधी वाटलं मायेनं. मग तो हात त्यांनी नाकापाशी नेला.

"कशाचा वास हाये हा?"

"पंपाचा. गिरीस लागलं असीन."

"गिरीसले कवापासून तुपाचा वास येते?"

काकाजींनी हात सोडवून घेतला. उचकी मात्र चालू.

"रोडगे केले होते त्याइनं," काकू म्हणाल्या. तुम्ही कधी वऱ्हाडातल्या शेतात रोडगे खाल्ले असतील तर तुम्हाला माहीत असेल. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खायचे. तो वास साबणानं जात नाही. "किती खाल्ले?"

"दोन," काकाजी म्हणाले. उचकी आली. "पाच."

काकू उठल्या, चपला घातल्या आणि थेट आमच्या घरात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी फडताळातून तुपाची बरणी काढली, माझ्या डब्यातली पोळी घेतली, ताट मांडलं आणि पोळीवर तूप घेतलं. थोडं नाही. मी म्हटलं, "काकू, नको हो." त्यांचा चेहरा असा होता की पुढे व्हायची माझी हिंमत झाली नाही.

दारात काकाजी येऊन उभे राहिले होते. मला वाटलं आता ओरडतील, मिशी वर जाईल. ते उंबऱ्यावरच खाली बसले.

"खा," ते म्हणाले. "मी काई म्हनत नाई. पन एक सांगून ठेव. तू नसली तर सकाळी उठून मी आवाज कोनाले द्यू?"

काकूंचा घास हातातच राहिला.

"मले इटालीचं काईच येत नाई," काकाजी म्हणाले. "एक डाव जेवलो मी तिथं. एकच डाव. लॉरी बंद पडली होती, एका म्हातारीनं घरात घेतलं अन् खाऊ घातलं. बाकी सगळे दिवस मिलिटरीचे डबे. टिनातलं."

"मंग हे एवढं सगळं?" काकूंनी विचारलं. "कुत्रे, गाड्या, माकरोनी?"

"माकरोनी दुसऱ्याच्या ताटात पाहेली होती. लांबून."

मग काकूंच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं झालं, छातीत कळ आली. मी धावले. पण त्या हसत होत्या. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी काढून, हलत हलत हसत होत्या. काकाजी घाबरून "हळू, अवं हळू हास," म्हणत होते, त्यानं त्या आणखी हसत होत्या.

दम खात काकूंनी विचारलं, "थ्या म्हातारीनं वाढलं काय होतं तुमाले?"

काकाजींनी डोळे मिटून आठवलं. "वालाचे दाने होते शिजवलेले. कसलातरी पाला होता, कडवट. भेदरे होते. जाड भाकर होती, तिच्यावर जरासं तेल. अन् कांदा."

"एवढंच?"

"एवढंच. पन लय चांगलं लागलं."

"अवो, हे तं माह्या मायच्या घरी रोजचं होतं! तूप आमी सनालेच पाहे. अन् याच्यासाठी तुमी मले सायकलची तार खाऊ घातली?"

त्यांनी तुपाची पोळी ताटासकट माझ्या हातात दिली. "हे तुह्या नवऱ्याले दे," म्हणाल्या, आणि स्वतःच्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. काकाजी बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी काकू चुलीपाशी होत्या, काकाजी त्यांच्या हाताखाली. काकूंनी उभं राहायचं नाही, पाटावर बसून सांगायचं, उचलठेव काकाजींनी करायची, असा तह झाला. ज्वारीची भाकर, शिजवलेले वाल किंवा चवळी, अंबाडी नाहीतर मेथी, निखाऱ्यावर भाजलेल्या भेदऱ्यांची चटणी, जवसाचं तेल थेंब थेंब. अमरावतीहून लेकीनं पाठवलेली संत्री. मी चव घेतली. अगदी साधं, पण प्रत्येक गोष्टीला काकूंचा हात लागलेला कळत होता. हळूहळू गल्लीतल्या बायका विचारायला येऊ लागल्या. काकू पाटावरून सांगायच्या, "इटालीत अंबाडी अशीच करतात. डाळीचा दाना टाकून." काकाजी मागे उभे राहून गंभीरपणे मान हलवायचे.

तुपाच्या बरणीतून सणाला एक चमचा त्यांच्याकडे जायचा. बाकीची आम्ही संपवली. आमच्या ह्यांना नवा कोट शिवावा लागला.

डॉक्टर पुन्हा तपासायला आले तेव्हा खूश झाले. काय खाता म्हणून विचारलं. "इटालीचं," काकू म्हणाल्या.

"म्हणजे मॅकरोनी वगैरे?"

"थे आमी सोडलं. थे रोग्याले चालत नाई."

एक गोष्ट मात्र झाली होती. त्या संध्याकाळनंतर काकाजींनी ते वाक्य म्हणणं सोडलं. नळ कोरडा जायचा आणि ते नुसतेच बघत राहायचे. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. एकदा आम्ही सगळे एस.टी.ची वाट बघत उभे होतो. गाडी येईना. काकूंनी काकाजींना कोपरानं ढोसलं.

"म्हना ना."

"काय?"

"थेच."

काकाजी आमच्याकडे बघून लाजले. "राहू दे वं."

"म्हना म्हनते ना. मले करमत नाई."

मग त्यांचा हात हळूच मिशीकडे गेला आणि ते म्हणाले. थांब्यावरच्या कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नसेल. आम्हाला बरं वाटलं.

पुढे काकाजी निवृत्त झाले आणि दोघं अमरावतीला लेकीजवळ राहायला गेली. भिंत तिथेच होती, पण तिच्या पलीकडे आता कुणी दुसरेच लोक आले होते.

काकाजींना मी शेवटचं पाहिलं ते एका लग्नासाठी अमरावतीला गेले होते तेव्हा. थंडीचे दिवस होते. संध्याकाळी तलावाकडच्या रस्त्यावर अचानक काकू दिसल्या. पदर खोचलेला, तरातरा चालत येत होत्या, पासष्टीच्या बाई वाटतच नव्हत्या. मी हाक मारणार तोच त्या एका पेरूच्या गाडीपाशी थांबल्या. एक पेरू उचलला, ठेवला. दुसरा उचलला, वास घेतला, ठेवला. पाठ रस्त्याकडे. एकदाही वळून पाहिलं नाही.

लांबून, बरेच मागून, काकाजी येत होते. हातात काठी, गळ्यात मफलर. चार पावलं चालायचे आणि थांबायचे, पुन्हा चालायचे.

पेरूवाला वैतागला. "बाई, घेता का नुस्ते पाहून राहिल्या?"

"थांब ना रे बाबू," काकू म्हणाल्या, आणि आणखी एक पेरू सावकाश हातात घेतला. "मांगून माहा माणूस येऊन राहिला."